वाढत्या वयाचे ताट
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या व्यासपीठावर आपण मुलामुलींच्या गुणपत्रिका कौतुकाने पाहतो. त्याच मुलामुलींच्या ताटात रोज काय पडते, ह्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्याच हेतूने आम्ही आज उभे आहोत.

बाळंतिणीच्या आहाराचे ज्ञान आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, दूध-तूप, हे केव्हा व किती द्यावे, हे आजीला कोणास विचारावे लागत नाही. परंतु तीच मुलगी तेरा-चौदा वर्षांची असते, उंची झपाट्याने वाढत असते, दरमहा रक्त जात असते, तेव्हा तिच्यासाठी असा कोणताच पाठ आपल्या स्वयंपाकघरात नाही. पुष्कळ घरी ती आईबरोबर सर्वांच्या मागून जेवते आणि उरलेल्या भाजीवर भागविते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा खाते. त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. मग बाळंतपणातले लाडू कितीही सात्त्विक असले, तरी ते फार उशिरा पोहोचतात.

ही अतिशयोक्ती नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के व मुलग्यांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. हा प्रश्न केवळ दरिद्री घरांपुरता आहे, असे समजून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही.

कोणी म्हणेल, मधुमेह व रक्तदाब हे स्थूल माणसांचे रोग. आमची मुले तर काडीसारखी बारीक आहेत. ह्याचे उत्तर पुण्याजवळच मिळाले आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतील मातांचा, व पुढे त्यांच्या मुलांचा, अभ्यास चालविला. ही मुले जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील अर्भकांहून बरीच हलकी होती; परंतु उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबीची त्या मानाने नव्हती. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के मधुमेहाच्या पूर्वावस्थेत आढळली. आणि एकंदरीत जवळजवळ निम्मी मुले प्रमाणाहून कमी वजनाची होती! तेव्हा अंग बारीक आहे, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाचीही मोठी उणीव दिसली होती. म्हणून ह्याच मंडळींनी २०१२ मध्ये, ह्या मुलामुलींना लग्नाआधीच ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग हाती घेतला.

सारांश, आजच्या मुलीच्या ताटात उद्याच्या नातवंडांचाही वाटा आहे.

ह्यासाठी महाग फळे वा टॉनिकच्या बाटल्या नकोत. मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, तिच्यावर लिंबू, एक पालेभाजी, नाचणी, तीळ, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, आणि दही अथवा ताक, एवढे आपल्या घरात सहज होते. ज्यांच्या घरी चालते, त्यांनी अंडी व मासळी मुलींनाही मुलग्यांइतकीच वाढावी. चहा जेवणाला लागून देऊ नये, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून अधिक साखर असते. ती पाहुणचार म्हणून मुलांपुढे ठेवताना क्षणभर विचार करावा. वडापाव व वेफर्स मुलांनी कधीच खाऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनी जेवणाची जागा घेऊ नये, इतकेच.

संघाच्या विचारार्थ आम्ही तीन सूचना मांडतो. पहिली, आपल्या वसतिगृहाच्या खानावळीत रोज एक उसळ, एक पालेभाजी व ताक असावे, आणि संमेलनाच्या दिवशी शीतपेयाऐवजी पन्हे किंवा कोकम सरबत, तेही बेताच्या साखरेचे, द्यावे. दुसरी, दरवर्षी संमेलनात ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी इच्छुक मुलामुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे. निकाल केवळ पालकांच्या हाती द्यावा, त्याची चर्चा चारचौघांत अथवा विवाहाच्या बैठकीत होता कामा नये. तिसरी, शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुले टाकून देत नाहीत ना, हे आयांनी प्रेमाने पाहावे. ती रिकाम्या पोटी न देता जेवणानंतर द्यावी.

ह्यापुढची विनंती मात्र वडीलधाऱ्यांना आहे. पंगत बसेल तेव्हा घरातील मुलीचे पान पहिल्याच पंगतीत मांडावे. ह्याला ठरावही लागत नाही व वर्गणीही लागत नाही. आपण ही सुरुवात आजच्या भोजनापासून कराल, अशी आशा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.