बारामुल्ल्याची आठवण
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आपल्या देवळाविषयी व शाळेविषयी पुष्कळ बोलणे झाले. आम्हांस जे दोन शब्द सांगावयाचे आहेत, ते येथून फार दूरच्या एका मिशनविषयी आहेत. ती हकीकत आम्ही आपल्याच धर्मग्रामातील एका सेवानिवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली. ते देवाघरी गेले त्यास आता बरीच वर्षे लोटली. रविवारची मिस्सा आटोपल्यावर ते देवळाच्या ओट्यावर बसत व आम्ही शाळकरी मुले त्यांच्याभोवती जमत असू. आम्हांस हौस पराक्रमाच्या कथांची. परंतु ते फिरून फिरून बारामुल्ल्यावरच येत.

१९४७ च्या ऑगस्टात देशाची फाळणी झाली. २२ ऑक्टोबर रोजी पाकिस्तानच्या बाजूने सशस्त्र पठाण टोळ्या काश्मीर संस्थानात शिरल्या. २६ तारखेस महाराजा हरिसिंग यांनी भारतात सामील होण्याच्या करारावर सही केली आणि २७ च्या सकाळी आपली पहिली पलटण विमानाने श्रीनगरास उतरली. त्याच दिवशी झेलमच्या काठी बारामुल्ला येथील सेंट जोसेफ रुग्णालयावर टोळीवाले तुटून पडले.

हे रुग्णालय फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या भगिनी चालवीत. तेथे स्पेन देशाच्या तरुण भगिनी तेरेसालिना यांचा गोळी लागून अंत झाला. कर्नल डाइक्स हे इंग्रज अधिकारी व नुकतीच बाळंत झालेली त्यांची पत्नी, दोघेही मारली गेली. एक परिचारिका, डॉक्टरीणबाईंचे पती व एक हिंदू रुग्ण स्त्री यांचेही प्राण गेले. जे वाचले, त्यांनी पुढील दहाअकरा दिवस एका वॉर्डात कोंडलेल्या स्थितीत काढले.

८ नोव्हेंबर रोजी आपल्या सैन्याने बारामुल्ला परत घेतले. काही दिवसांनी रसदीच्या गाड्यांबरोबर आमचे हे अधिकारी तेथे पोहोचले. ते सांगत, "मिशनची दुर्दशा पाहून मी गुडघे टेकले, पण प्रार्थना काही ओठांवर येईना. मनात सूडावाचून दुसरे काही नव्हते." एवढे बोलून ते बराच वेळ गप्प राहत.

मग त्यांस तेथे कळलेल्या दोन गोष्टी ते सांगत. पहिली अशी की, उरलेल्या भगिनी व धर्मगुरू यांस ठार मारावयाची तयारी चालली असता टोळीवाल्यांबरोबरच्याच एका पठाण अधिकाऱ्याने पुढे होऊन ते थांबविले. तो लहानपणी मिशनच्या शाळेत शिकलेला होता! दुसरी गोष्ट मकबूल शेरवानी या बारामुल्ल्याच्याच मुसलमान तरुणाची. त्याने हल्लेखोरांची दिशाभूल केली व त्यापायी त्यांच्या हातून मरण पत्करले.

आमचे अधिकारी म्हणत, "पोरांनो, हे ऐकल्यावर कोणत्या जातीचा सूड घ्यावा, ते मला समजेना. मी परत त्या प्रार्थनामंदिरात गेलो आणि त्या वेळी 'आमच्या बापा' अखेरपर्यंत म्हणू शकलो." 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' हे शब्द त्या प्रार्थनेत आहेत, हे आपणांस सांगणे नलगे. ते उच्चारणे किती कठीण असते, हे आम्हांस त्या ओट्यावर कळले.

त्या भगिनी पुढे बारामुल्ल्यास परतल्या व रुग्णालय पुन्हा सुरू झाले. तेथील मिशनची शाळाही आज चालू आहे.

बंधुभगिनींनो, कोणा एका सिस्टरने वा फादरने एका पठाण बालकास अक्षरे गिरवावयास शिकविले असेल. त्या शिक्षणाचे फळ पुढे कोठे मिळेल, याची त्यांस कल्पनाही नसेल. आपल्या शाळेच्या बाकांवर आजही सर्व जातिधर्मांची मुले बसतात. त्यांपैकी कोण, कोठे, कोणाच्या प्राणांसाठी उभा राहील, हे एक परमेश्वरच जाणे. आपण शिकविण्यात कसूर न करावी व क्षमेत कृपणता न दाखवावी, हीच या महोत्सवी त्याच्या चरणी आमची प्रार्थना.