परीक्षक म्हणून जाताना काय बघायचं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



फेब्रुवारी जवळ आला की शाळेतून निरोप येतो, "विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गटातल्या दोघी पाठवा." मग आपल्यात कुजबुज सुरू होते. "मी चौथी शिकलेली, मी काय परीक्षा घेणार?" "गुण सरांनाच देऊ दे, आपण नारळ फोडून परत येऊ." आज मला यावरच बोलायचंय. सहावी ते आठवीच्या मुलांचे प्रयोग तपासायला तुम्ही लायक आहात. फक्त तिथे काय बघायचं, ते घरून ठरवून जायला हवं.

आधी हक्काचं बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीतले निम्मे सदस्य महिला. म्हणजे शाळेत काय चाललंय ते बघणं हे आपलं कामच आहे. कोणी आपल्यावर उपकार म्हणून बोलवत नाही.

आता माझा एक अनुभव सांगते. मी मूळची घाटकोपरची. समाजकार्याचं शिक्षण घेताना माझं क्षेत्रकार्य तिथल्याच डोंगरावरच्या वस्तीत होतं. तेव्हा जवळच्या एका शाळेने मला प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं. तुम्हाला वाटेल, मुंबईची शाळा म्हणजे केवढी यंत्रं असतील! तसं काही नव्हतं.

एका टेबलावर मोठा ज्वालामुखी होता. बाजारातून तयार आणलेला, रंगवलेला, आत लाल दिवे. सहावीच्या मुलाने सोड्यावर व्हिनेगर ओतलं, फेस वर आला, टाळ्या पडल्या. माहिती त्याने पाठ म्हणून दाखवली. शेजारच्या टेबलावर सातवीतली एक मुलगी होती. तिच्याकडे तीन सारखे रुमाल आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेले आकडे, बस्स. तिचा प्रश्न होता, "पावसाळ्यात खोलीत ऊन येत नाही, मग गणवेश लवकर कसा वाळवायचा?"

तिने तिन्ही रुमाल भिजवून पिळले. एक नुसता दोरीवर टाकला. दुसरा पंख्याखाली. तिसरा कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबला आणि मग दोरीवर टाकला. दर अर्ध्या तासाने शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं. असं तीन दिवस. पंख्याचा रुमाल पहिला येणार असं तिला वाटलं होतं, पण टॉवेलात दाबलेला त्याच्या बरोबरीने वाळला. दुसऱ्या दिवशीचा पंख्याचा आकडा विचित्र होता. त्याच्यापुढे तिने लिहून ठेवलं होतं, "लाईट गेली होती."

माझ्याबरोबरच्या परीक्षकांना ज्वालामुखीला पहिला नंबर द्यायचा होता. म्हणाले, "पाहुणे येणार आहेत, दिसायला छान आहे." मी म्हटलं, दोघांना एकच प्रश्न विचारू, "यातली एक गोष्ट बदलली तर काय होईल?" मुलगी म्हणाली, "जाड कापड घेतलं तर वेळ जास्त लागेल, पण किती ते करून बघावं लागेल." मुलगा आधी गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सोडा कमी घालून बघू का?" आम्ही म्हटलं, बघ की! त्याने वाटीत दोनदा करून बघितलं आणि कमी सोड्याला कमी फेस आला. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा प्रयोग केला तो त्या वाटीत. आम्ही मुलीला पहिला नंबर दिला, आणि मुलाला सांगितलं, पुढच्या वर्षी असं वाटीतलंच काहीतरी घेऊन ये.

मुंबईत विज्ञान शिक्षकांचं मंडळ १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेतं, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. तिथेही नुसत्या लेखी पेपरवर भागत नाही. पुढे प्रात्यक्षिक असतं, मग मुलाने स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत. हाताने काय केलंस आणि ते तोंडाने समजावता येतं का, हे तिथे बघतात. तेच आपण गावच्या शाळेत बघायचं.

मी एक ५० गुणांचा तक्ता केलाय, तो लिहून घ्या.

पहिलं, प्रश्न कोणाचा आहे? १० गुण. मुलाच्या घरातला, शेतातला, रस्त्यातला प्रश्न असेल तर जास्त गुण. पुस्तकातला जसाच्या तसा उतरवला असेल तर कमी.

दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलली का? १० गुण. हे तुम्हाला पापडावरून कळेल. डाळही बदलली आणि पापडखारही वाढवला, मग पापड फुलला तो कशामुळे? सांगता येणार नाही. मुगाला मोड आणताना एका वाटीत साधं आणि दुसरीत मिठाचं पाणी घातलं, तर मूग, वाटी, जागा, पाण्याचं माप सगळं सारखं हवं.

तिसरं, मोजलं का आणि त्याच वेळी लिहिलं का? १० गुण. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? नियमित लेखे. बैठकीत लिहिलेली वही आणि ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेली वही तुम्ही लांबून ओळखता. मुलांची वही तशीच बघा.

चौथं, पुन्हा करून बघितलं का? १० गुण. एकदा झालं ते योगायोगानेही होतं. प्रयोग फसला आणि मुलाने तसं खरं लिहिलं असेल, तर इथे गुण कापू नका.

पाचवं, स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? ५ गुण. गावच्या बोलीत सांगितलं तरी पूर्ण गुण.

शेवटी मांडणी, ५ गुण. थर्माकोल, दिवे, चकचकीत कागद हे सगळं या पाचातच.

बोलताना मुलाच्या टेबलाशी वाकून उभ्या राहा. पहिला प्रश्न नेहमी, "हे तुला कसं सुचलं?" मग "तू काय केलंस ते दाखव." उत्तर आलं नाही तर थोडं थांबा, लगेच पुढच्या टेबलावर जाऊ नका. तुम्हाला एखादा शब्द कळला नाही तर सरळ विचारा, "मला समजेल असं सांग." ज्याने केलंय त्याला सांगता येतं. विस्तव, वीज किंवा ॲसिडचा प्रयोग असेल तर सर किंवा बाई शेजारी आहेत ना, ते आधी बघा.

आणि एक गोष्ट कडक. आपलं मूल, भाचा, पुतणी ज्या टेबलावर असेल तिथे गुण द्यायचे नाहीत. गटात नणंदेचा कर्जाचा अर्ज आला की आपण त्या ठरावापुरतं बाजूला बसतो, तसंच. गरीब आहे म्हणून वाढवून गुण देऊ नका, आणि सरपंचांचा मुलगा म्हणूनही नको.

हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं? सहावी-सातवी हे वय असं आहे की मुलगी मनात ठरवून टाकते, विज्ञान आपल्यासाठी आहे की नाही. पाचशे रुपयांच्या मॉडेलला दरवर्षी बक्षीस मिळालं, तर जिच्या घरी पाचशे रुपये नाहीत ती काय शिकेल? २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो १९२८ साली लागलेल्या सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा. त्यांची सुरुवातीची निरीक्षणं सूर्यप्रकाश, रंगीत काचा आणि स्वतःचे डोळे यांवर झाली होती. पुढे १९३० मध्ये त्याच शोधाला नोबेल मिळालं.

तर काम असं: पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक ग्रामसंघाने दोन नावं ठराव वहीत लिहून द्यायची. एक शिकलेली आणि एक कमी शिकलेली, दोघी बरोबर जातील. शाळेत जाऊन सरांना तक्ता आधीच दाखवा, म्हणजे गुण कशाला मिळणार हे मुलांना तयारी करतानाच कळेल. काही अडलं तर मला फोन करा.