दिवाळीआधी शाळेत एक चक्कर

जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर ऐकणाऱ्या आणि कामासाठी भिवंडी, वसई, नाशिककडे गेलेल्या सगळ्या आईबापांसाठी हे बोलणं आहे.

आज मुलांच्या कॉलेजबद्दल बोलायचं आहे. ज्यांचं पोर आत्ता दुसरी-तिसरीत आहे ते म्हणतील, त्याला अजून किती वर्षं आहेत, बारावी तर होऊ दे! पण आपल्या भागात कॉलेज बारावीत क्वचितच हुकतं. ते त्याच्या फार आधी हुकलेलं असतं. कधी पहिलीत नाव घातलं त्या दिवशी, कधी चौथी-पाचवीतल्या दिवाळीनंतर, कधी आठवी संपताना. या तिन्ही वेळी निर्णय घरात होतो, आणि तो बरोबर व्हायचा असेल तर आईबापाचं शाळेत जाणं-येणं असावं लागतं. आईबापाला लिहिता-वाचता येतं की नाही, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आधी त्या पहिल्या दिवसाचं बोलू. शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. पहिलीत नाव घालताना त्यात एक ओळ लिहिली जाते: मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात-जमात. महाराष्ट्रात एक जूनला वाढदिवस असलेली माणसं इतकी का, माहीत आहे ना? जूनमध्ये शाळा उघडायची, जन्माची नोंद हातात नसायची, गुरुजी अंदाजाने वय धरून एक जून लिहून टाकायचे. गुरुजींचा त्यात वाईट हेतू नव्हता. पण ती ओळ पुढे मुलाची पाठ सोडत नाही. शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरून निघतो आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नावही तिथूनच जातं.

आता बघा, मुलगी बारावी सायन्सला पास झाली, नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश हवा आहे. जमातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, पण तेवढ्यावर भागत नाही. वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो, ते लागतं. ते देणारी तपासणी समिती बापाचे, आजोबांचे, चुलत्याचे, आत्याचे जुने कागद मागते. ६ सप्टेंबर १९५० या तारखेला तुमचं घराणं कुठे राहत होतं, हे अनुसूचित जमातींच्या बाबतीत विचारलं जातं, कारण राष्ट्रपतींचा जमातींच्या यादीचा आदेश त्या दिवशीचा आहे. आजोबांच्या दाखल्यावर ‘वारली’, बापाच्या दाखल्यावर नुसतं ‘हिंदू’ आणि मुलीच्या दाखल्यावर आडनाव वेगळं, असं झालं की प्रश्न सुरू होतात. तिकडे प्रवेशाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

म्हणून शाळेतलं पहिलं काम हे. हेडमास्तरांकडे जा आणि म्हणा, गुरुजी, माझ्या पोराची रजिस्टरमधली ओळ मला वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर गावातला एखादा शिकलेला पोरगा बरोबर न्या. चूक निघाली तर मूल शाळेत शिकतंय तोवर दुरुस्ती होऊ शकते, शाळा सुटल्यावर तीच गोष्ट फार जड जाते. घरात आजोबांचा, चुलत्याचा एखादा शाळेचा कागद असेल, कुडाच्या भिंतीत खोचलेला किंवा ट्रंकेच्या तळाशी पडलेला, तर तो प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवा. बापाच्या बाजूच्या कोणा सख्ख्या नातेवाइकाला व्हॅलिडिटी मिळाली असेल तर तिची प्रत मागून घ्या, तो कागद मोलाचा आहे. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. निकालाची वाट बघत बसू नका.

आता दिवाळीकडे येतो, आणि इथे जरा जास्त वेळ बोलणार आहे.

भात कापून झालं, नागली-वरई घरात आली, की पुढे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. बयाणा आधीच घेतलेला असतो. वीटभट्टीची गाडी येते, अख्खं कुटुंब चढतं. होळीला घरी फेरी होते आणि मग पावसाच्या तोंडावर परत. मूल बरोबर गेलं तर शाळेचं दुसरं सत्र गेलं. असं एकदा झालं तर भरून निघतं. तीन-चार वर्षं झालं की मूल सहावीत बसतं आणि गणित तिसरीचंही येत नाही. त्याला शाळेची लाज वाटायला लागते. अशा मुलाला कोणी काढून टाकत नाही, ते आपणहून गळतं.

यावर शहरातले लोक आणि कधी कधी शाळेतलेही लोक पटकन म्हणून जातात, आदिवासी पालकांना शिक्षणाची किंमत नाही. मला हे बोलणं आळशीपणाचं वाटतं. आपल्याच जिल्ह्यात, डहाणूकडच्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत का येत नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला, तर मुलं गुरं राखत होती, धाकट्या भावंडांना सांभाळत होती. मग त्यांनी अंगणात शाळा भरवली, गुरं चरतात त्या कुरणात शाळा नेली. पुढे नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं खोपटं, हे तिथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. शाळा दोन पावलं पुढे आली तेव्हा आईबापांनी मुलं बसवली, हा आपल्याच मुलखातला अनुभव आहे.

पण शाळेने दोन पावलं यावं म्हणून आपणही एक पाऊल टाकायला हवं. भट्टीवर जायचं असेल तर कोणाला न सांगता जाऊ नका. जाण्याआधी गुरुजींना सांगा: अमक्या गावाला जातोय, तमक्या महिन्यात परत येऊ. शिक्षण हमी कार्ड मागा. ते कार्ड दाखवून भट्टीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल बसवता येतं. कार्ड नसलं, दाखला नसला, तरी कागदासाठी मुलाला दारातून परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आजी-आजोबा पाड्यावरच राहत असतील, तर मूल त्यांच्याकडे ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हेही विचारा. ते विचारायची वेळ दिवाळीच्या आधीची. गाडी दारात आल्यावर काही होत नाही.

विचारायचं कुठे? याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. सोळा जणांची समिती असेल तर बारा आईबाप झाले! शाळेला किती पैसे आले, कुठे गेले, शिक्षक वेळेवर येतात का, हे बघायचा अधिकार त्यांना आहे. आणि शिक्षकांचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलं आहे, की त्यांनी पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगायची. म्हणजे ‘माझ्या पोराला वाचता येतं का?’ असं विचारताना आपण कोणाचे उपकार मागत नाही.

प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी ही समिती सहीपुरती उरते. रजिस्टर घरी येतं, अंगठा होतो, सभा झाली! दोष दोन्हीकडचा आहे. सभा अकरा वाजता ठेवली तर रोजावर जाणारा माणूस कसा येणार? मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, सभा बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी पाड्यावर घ्या. आणि आईबापांना सांगणं एवढंच, की न वाचलेल्या कागदावर सही करू नका. आश्रमशाळेत मूल असेल तर सुट्टीनंतर त्याला सोडायला जाता त्या दिवशी फाटकातून परत फिरू नका. वर्गशिक्षकांना भेटा. मुलाला त्यांच्यासमोर पुस्तकातलं एक पान वाचायला लावा. तुम्हाला अक्षर येत नसलं तरी पोर अडखळतंय की सरळ वाचतंय, हे कानाला कळतं.

राहिली आठवी. फुकट शिक्षणाचा कायदा आठवीपर्यंतच आहे, आणि नेमकी तिथेच मुलींची शाळा सुटते, कारण पुढची शाळा लांब. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, वसतिगृहं आहेत, त्यांची चौकशी आठवीतच करा. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. ती पास झालेल्याला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत मूल असेल तर फॉर्म भरला का, ते विचारा. सरकारी निवासी शाळेतल्या मुलांना ती नाही. आणखी एक गोष्ट, शाळेत गणित-विज्ञानाला शिक्षक आहे का, हे समितीत आठवीतच विचारा. अकरावी सायन्स इंग्रजीतून असतं. घरी वारली किंवा कातकरी बोलणारं, पुस्तकात मराठी वाचणारं मूल तिथे एकदम तिसऱ्या भाषेत पडतं. आठवीपासून थोडं थोडं इंग्रजी कानावर पडलं तर तो धक्का कमी बसतो.

आणि कॉलेज म्हणजे नाशिक-मुंबईच असं नाही. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे, मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं आहे. बाहेरगावी गेलेल्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर आदिवासी विकास विभागाच्या स्वयं योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे थेट त्याच्या बँक खात्यात येतात. जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात त्याची माहिती मिळते. मात्र खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

तर मायबापहो, यंदा भात कापून झालं की बयाण्याची गाडी यायच्या आत अर्धा दिवस काढा आणि नवरा-बायको दोघं शाळेत जा. रजिस्टरमधली ओळ वाचून घ्या, भट्टीवर जाणार असाल तर हमी कार्ड घ्या, आणि समितीची पुढची सभा कधी आहे, ते विचारून या.