संस्थेची अब्रू आणि मुलीचें मौन



कांहीं विषय असे आहेत कीं त्यांचा नुसता उच्चारही आपल्या घरांत असभ्य मानला जातो. शाळेंत वा कचेरींत मुलींचा व स्त्रियांचा होणारा लैंगिक छळ हा त्यांपैकींच एक. परंतु छळणाऱ्याचा खरा आधार आपलें हें मौनच होय.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत शिशुवर्गांतील दोन बालिकांवर शाळेच्याच नोकरानें अत्याचार केल्याची फिर्याद झाली. ती नोंदविण्यासाठीं पालकांना पोलिस ठाण्यांत तासन्‌तास तिष्ठावें लागलें. शाळेनें पोलिसांना आपण होऊन कां कळविलें नाहीं, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयानें विचारला. लैंगिक अपराधांपासून बालकांचें रक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यान्वयें अशी खबर देणें सर्वांसच बंधनकारक आहे. ती दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं २०१३ चा कायदा आहे. छळ म्हणजे केवळ अंगाला हात लावणें नव्हे. अश्लील बोलणें, तशीं चित्रें दाखविणें, बढतीचें आमिष वा नोकरी जाण्याची भीति घालून लगट करणें, हाही छळच. जेथें दहा वा अधिक माणसें काम करतात तेथें तक्रार ऐकणारी समिति हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निदान निम्म्या सभासद स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत करावी. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. आमच्या धरणगांवसारख्या कापसाच्या पेठेंत लहान दुकानांतून वा परक्या घरीं राबणाऱ्या बायांना अशी समिति कोठून असणार? त्यांच्यासाठीं जिल्ह्याची स्थानिक समिति आहे.

पण कायदा दारापर्यंतच येतो. ऐकून घेण्याचें काम घरच्यांचें व गुरुजनांचें. बोलकी मुलगी एकाएकीं अबोल झाली, एखाद्या माणसाचें नांव निघतांच बिचकूं लागली, तर तिला रागावूं नका; जवळ घेऊन विचारा. पाहुण्याच्या मांडीवर बसायला मूल नको म्हणालें, तर बळजबरी करूं नका. घरांत ज्याच्या नकाराला मान मिळतो, तेंच मूल बाहेर ‘नको’ म्हणूं शकतें. आणि संकटप्रसंगीं १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक घरांतील प्रत्येकास पाठ असूं द्या.

‘बाहेर बोलूं नका, संस्थेचें नांव जाईल,’ असें सांगणारे सद्‌हेतूचेही असतात. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे: ज्या शाळेंत तक्रार ऐकली जाते, तिचें नांव जात नाहीं, तिच्यावर आईबापांचा विश्वास बसतो. मुलीला गप्प करून राखलेली अब्रू ही अब्रूच नव्हे.