लेटनची २०५ मतं

साहेबाच्या देशातल्या एका पोटनिवडणुकीवर बोलायला मी उभा आहे. कुणी म्हणेल, आपला काय संबंध? ऐका तर खरं.

लंडनच्या पूर्व अंगाला लेटन. २१ जानेवारी १९६५ ला तिथं पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचा उमेदवार पॅट्रिक गॉर्डन वॉकर. साधासुधा गडी नव्हे, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री. त्याला पडली १६,३३९ मतं. हुजूर पक्षाच्या रोनाल्ड बक्स्टनला १६,५४४. फरक २०५. एका चाळीत मावतील एवढी माणसं.

आता परराष्ट्रमंत्र्याला पोटनिवडणूक का लढवावी लागली? कारण स्मेदिक. बर्मिंगहॅमला चिकटलेलं कारखान्यांचं गाव. फाउंड्रीत राबणारे पंजाबी, वेस्ट इंडियन. गॉर्डन वॉकर तिथला १९४५ पासूनचा खासदार. ऑक्टोबर १९६४ च्या निवडणुकीत देशभर वारं मजूर पक्षाचं, पण स्मेदिकला उलटं. हुजूर पक्षाचा पीटर ग्रिफिथ्स १,७७४ मतांनी आला. काळा शेजारी हवा असेल तर मजूर पक्षाला मत द्या, अशी घोषणा तिथं फिरत होती. मी 'काळा' म्हणतोय. मूळ शब्द शिवी होता, ती मी उच्चारणार नाही. ग्रिफिथ्सनं त्या घोषणेचा निषेध करायचं नाकारलं.

पंतप्रधान विल्सन खवळला. ग्रिफिथ्सला पार्लमेंटात महारोग्यासारखं वाळीत टाका, असं बोलला. बघा हां, वर्णद्वेष्ट्याला हाणायचं तर ह्या पुरोगाम्याला शिवीसुद्धा विटाळाचीच सुचली!

विल्सनचं बहुमत फक्त ४ चं. हरलेल्या गॉर्डन वॉकरला त्यानं तरी परराष्ट्रमंत्री केलं. त्याच्यासाठी भरवशाची जागा शोधली लेटनची. तिथला म्हातारा खासदार रेजिनाल्ड सोरेन्सन ७,९२६ मतांनी निवडून आलेला. आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी वर्षानुवर्षं तिथं बोलणारा माणूस. त्याला उचलून लॉर्ड्सच्या सभागृहात बसवला. जागा रिकामी. मतदार म्हणजे पक्षाची वडिलोपार्जित जमीन, एकाकडून काढून दुसऱ्याच्या नावावर करायची!

प्रचारात कॉलिन जॉर्डन हा नाझी आपली टोळी घेऊन गॉर्डन वॉकरच्या सभा उधळायला यायचा. एका सभेत संरक्षणमंत्री डेनिस हिलीनं त्याला ठोसा लगावला. वाचायला बरं वाटतं. पण गॉर्डन वॉकरला हीरो करू नका. १९५० साली मंत्री असताना ह्याच माणसानं सेरेत्से खामाला त्याच्या बेचुआनालँडमधून हद्दपार केलं होतं. गुन्हा काय? काळ्या राजवंशातल्या माणसानं गोऱ्या बाईशी लग्न केलं. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारला ते खपलं नाही, आणि मजूर सरकारनं मान तुकवली.

आता आकडे बघा, खरी मेख इथंच आहे. तीन महिन्यांत लेटनमध्ये मजूर पक्षाची सात हजारांवर मतं गळाली. हुजूर पक्षाची वाढली किती? आठशेच्या आसपास. म्हणजे लोक तिकडं धावत गेले नाहीत. बहुतेक घरी बसले. रागाला कारणं होती. आपला जुना खासदार हलवून वरून माणूस लादला. म्हाताऱ्यांच्या पेन्शनची वाढ मार्चअखेरीवर ढकलली, खासदारांचे पगार मात्र झटक्यात वाढवले.

पण पुढाऱ्यांनी घरी बसलेल्या हजारोंची फिकीर केली नाही. त्यांनी स्मेदिक आणि लेटन एका दोरीत ओवले आणि अर्थ काढला की काळ्या लोकांची बाजू घेणं महागात पडतं. मंत्री रिचर्ड क्रॉसमननं आपल्या रोजनिशीत त्याच वर्षी लिहून ठेवलंय की बाहेरून येणाऱ्यांचा प्रश्न हा मजूर पक्षाची मतं खाणारा सगळ्यात मोठा प्रश्न ठरू शकतो. हाच क्रॉसमन स्मेदिकच्या मार्शल स्ट्रीटवरची घरं फक्त गोऱ्यांसाठी विकत घ्यायची कौन्सिलची योजना अडवणारा, हेही सांगितलं पाहिजे. त्या गल्लीत १२ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स येऊन गेला. इंडियन वर्कर्स असोसिएशननं त्याला बोलावलं होतं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कला त्याला गोळ्या घातल्या.

ऑगस्ट १९६५ मध्ये सरकारनं श्वेतपत्रिका काढली. कॉमनवेल्थमधून कामाला येणाऱ्यांना वर्षाला फक्त ८,५०० परवाने. अकुशल कामगाराला दार बंद. हुजूर पक्षाच्या १९६२ च्या कायद्याविरुद्ध घसा फोडणारा हाच पक्ष, आणि पार्लमेंटात त्या विरोधात पुढं कोण होता? गॉर्डन वॉकर! त्याच वर्षी वर्णभेदविरोधी कायदाही झाला. हॉटेलात, सिनेमात, बसमध्ये भेदभाव बंद. घर आणि नोकरी? त्यात नाही. म्हणजे बिअर पाजणार, पण छप्पर आणि भाकरीचं विचारू नका. ते कायद्यात यायला १९६८ उजाडलं.

१९६६ च्या निवडणुकीत विल्सनला दणदणीत बहुमत मिळालं. स्मेदिकला ग्रिफिथ्स पडला, लेटनला गॉर्डन वॉकर जिंकला. आता २०५ मतांची भीती उरली नव्हती. तरीही मार्च १९६८ मध्ये ह्याच सरकारनं केनियातल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाई लोकांना अडवणारा कायदा तीन दिवसांत पार्लमेंटातून काढला. गॉर्डन वॉकर तेव्हा त्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री होता.