‘फ्लॅट’ म्हणजे किती?



आज एका शब्दाबद्दल बोलू या. शब्द आहे ‘फ्लॅट’. इंग्रजी असला तरी आपल्या तोंडात केव्हाच रुळला आहे. भावाने डोंबिवलीत फ्लॅट घेतला, म्हणजे इमारतीतलं घर घेतलं. फ्लॅट चप्पल म्हणजे बिनटाचेची. ठाण्याला दुकानावर ‘फ्लॅट ५० टक्के सूट’ अशी पाटी दिसली, तर सगळ्या मालाला सरसकट निम्मी किंमत. या शब्दाचा मूळ अर्थ सपाट. कुठे चढ नाही, उतार नाही.

पण हाच शब्द कर्जाच्या बोलण्यात आला, की आपण सावध व्हायचं. ‘ताई, महिना फक्त दोन टक्के फ्लॅट,’ असं कुणी म्हणालं, तर वही-पेन घ्यायचं.

समजा, १२,००० रुपये कर्ज घेतलं आणि दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडलं. व्याज फ्लॅट असेल, तर ते बाराही महिने पूर्ण १२,००० वर लागतं. महिन्याला २४०, वर्षाचे २,८८०. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे हजारच रुपये उरलेले असतात, तरी व्याज बारा हजारांचं!

आता उरलेल्या मुद्दलावर व्याज धरा. पहिल्या महिन्यात २४०, दुसऱ्यात २२०, तिसऱ्यात २००. असं उतरत शेवटच्या महिन्यात फक्त २०. वर्षाचे झाले १,५६०. दर तोच, दोन टक्के. तरी फरक १,३२० रुपयांचा. एवढ्यात मुलांची वह्या-पुस्तकं येतात.

वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला बँक किंवा फायनान्स कंपनी विनातारण कर्ज देते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. व्याज आणि इतर खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, हे सांगणारं माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. मुदतीआधी कर्ज फेडलं, तर दंडही लावता येत नाही.

पुढच्या बैठकीत आपल्या गटाची वहीही उघडून बघू. आपण एकमेकींना व्याज कसं लावतो?

आणि बाहेरून कर्ज घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा, ‘व्याज पूर्ण रकमेवर, की उरलेल्या मुद्दलावर?’ उत्तर कागदावर मिळेपर्यंत सही नाही, अंगठाही नाही.