एका घरातल्या दोन चुली



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली तेव्हा पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. एक नाते दुःखाचे झाले, ते सुटले. आता पुन्हा कोणावर जीव जडवावा की नाही, हा का व्याख्यानमालेत बोलण्याचा प्रश्न? आम्हाला वाटते, आहे. चारचौघांनीच तो अवघड करून ठेवला आहे, तेव्हा चारचौघांतच तो निघालेला बरा.

एके काळी तो इतका अवघड नव्हता. आपल्याकडील पुष्कळ शेतकरी जातींत नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणजे पंचांसमक्ष काडीमोड होई, विधवेचा पाट लागे. पाट रात्री लावीत, त्यात लग्नाचा थाट नसे, आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे, हे खरेच. तरी वाट होती. पांढरपेशांनी ती हलकी ठरविली आणि ज्यांना त्यांच्या पंक्तीला बसावयाचे होते त्यांनीही ती बुजविली. मग तीच पुन्हा उघडण्यासाठी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा करावा लागला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. घटस्फोटाचा हक्क तर मुंबई प्रांतात १९४७ साली आणि देशभरच्या हिंदूंना १९५५ साली मिळाला.

कायद्याने दार उघडले. पण मनावरचे ओझे उंबऱ्याबाहेर कसे उतरवावे, हे कायदा कोठून सांगणार? ते पाहावयाला आपणां नगरकरांना लांब जावयास नको. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुष्कळांच्या घरी असतील.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाईंनी दुसरे लग्न कोठे केले? त्या तर त्याच टिळकांकडे परत आल्या. शंका रास्त आहे. तरी आमच्या मते उदाहरण लागू आहे, कारण माणूस तोच असला तरी संसार तो नव्हता.

पहिला संसार कसा होता? १८८० च्या सुमारास, परकरी वयात लग्न झाले. नवरा कवी, बुद्धिमान, पण लहरी आणि शीघ्रकोपी. केव्हा घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा जिवंत आणि संसार नाही! जवळजवळ पाच वर्षे अशी गेली.

मग त्या नगरला आल्या. आल्या त्या आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आम्हाला साऱ्या हकिगतीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. धर्म बदलताना ज्या गृहस्थाने बायकोच्या मनाची वाट पाहिली नव्हती, त्याला आता स्वतःच्या घरात तिच्या मनाची वाट पाहावी लागली, आणि त्याने ती पाहिली. तिची चूल त्याने विझविली नाही. जातिभेद हा माणसांनी केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा त्यांनीच ती मोडली. सोवळे आधी सुटले, धर्म मागाहून बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्या घरात परकी पोरे आपली झाली. ठोमऱ्यांचे त्र्यंबक, आपले बालकवी, त्यांतलेच. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत नवऱ्याचा राग, त्याचे अविचार, काही झाकलेले नाही. पण सांगताना बाई हसतात. ‘झाले गेले विसरा’ असे आपण दुःखी माणसाला फार सहज सांगतो. बाई विसरल्या असत्या तर हे पुस्तक झालेच नसते!

यावरून कोणी असे समजू नये की, छळणाऱ्या नवऱ्याकडे प्रत्येकीने परत जावे. मुळीच नाही. तेथे काडीमोडच बरा. मात्र नव्याने मांडलेल्या घरातही पहिल्याची एक चूल काही दिवस राहतेच. भिंतीवर तसबीर असते, पहिल्या घरचे मूल असते, एखादे नाव चुकून तोंडी येते. नव्या जोडीदाराने तेवढ्याने बिथरू नये.

आणि आपण शेजारी? बायको गेलेल्या चाळिशीच्या गृहस्थाला तेरावा उरकण्याच्या आत स्थळे सांगून येतात. घटस्फोट घेतलेली मुलगी पुन्हा लग्नाला उभी राहिली की पहिला प्रश्न, चूक कोणाची होती? असा प्रश्न आम्हीही पूर्वी विचारलेला आहे. सभेत बसलेल्यांपैकी कोणाला तो आठवत असेल, तर आम्ही आज त्यांची क्षमा मागतो.

वेळ झाल्याची घंटा वाजलीच आहे. प्रश्न असतील त्यांनी चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात. नाव घातले नाही तरी चालेल.